होसकोट्याचा हत्ती आणि बंदुकीचा बार

सरकारी नोकरीत बदली होऊन परमुलखात आलेल्या मराठी माणसास एक खोड हमखास जडते. ज्या गावी दाणापाणी नेमून दिले असेल त्या गावी आपल्यापैकी कोणी पूर्वी येऊन गेले होते काय, याचा तो शोध करू लागतो. एखाद्या देवळाच्या पायरीवर मोडी अक्षर दिसले, एखाद्या पेठेत जुने मराठी आडनाव कानी पडले, की त्याला घरच्या ओट्यावर बसल्यासारखे वाटते. आम्हीही याला अपवाद नाही. केंद्र सरकारच्या एका हिशेबी कचेरीत कारकुनी करीत बंगळुरास आमची काही वर्षे गेली. रविवार मोकळा सापडला की पिशवीत भाकरी-चटणी टाकून आसपासचे एखादे जुने गाव पाहून यावे, असा आमचा परिपाठ आहे. अशाच एका रविवारी आम्ही होसकोट्यास गेलो. खिशात धाकट्या भावाचे पत्र होते. त्या पत्रातल्या प्रश्नाचे उत्तर आम्हांस होसकोट्याच्या तळ्याच्या बांधावर सुचले, असे म्हटले तर वाचकांस ते चमत्कारिक वाटेल. म्हणून सगळी हकीकत क्रमाने सांगतो.

होसकोटे हे गाव बंगळुराहून कोलाराकडे जाणाऱ्या जुन्या मद्रास रस्त्यावर, शहरापासून सुमारे सात-आठ कोसांवर आहे. कानडीत 'होस' म्हणजे नवा व 'कोटे' म्हणजे किल्ला. सुगटूरच्या तम्मेगौडा नावाच्या पाळेगाराने १५९५ च्या सुमारास येथे हा नवा कोट बांधला, म्हणून गावास हे नाव पडले. दक्षिण पिनाकिनीचे पाणी अडवून केलेले येथील तळे फार मोठे आहे. त्याच्या बांधावरून चालत जाणे म्हणजे चांगली सकाळची रपेट होते. आज गावाभोवती कारखाने उभे आहेत, रस्त्यावर मालमोटारींची रीघ असते, आणि पहाटे चार वाजता बिर्याणीसाठी बंगळुराहून माणसे येऊन रांगेत उभी राहतात. त्या रांगेतल्या कोणास विचारले तर येथे मराठ्यांचा काही संबंध होता हे त्यास सांगता येणार नाही. परंतु संबंध आहे, आणि तो दोन पदरांचा आहे.

पहिला पदर शहाजीराजांचा. विजापूरकरांच्या फौजेबरोबर रणदुल्लाखानाच्या हाताखाली राजे या प्रांती उतरले, आणि पुढे बंगळूर, होसकोटे, कोलार, दोड्डबळ्ळापूर व शिरे हा मुलूख त्यांच्याकडे जहागीर म्हणून आला. म्हणजे आम्ही ज्या मुलखात भाड्याच्या खोलीत राहतो तो एकेकाळी शिवछत्रपतींच्या वडिलांच्या कारभारात होता. हा पदर पुष्कळांस ठाऊक असतो. दुसरा पदर मात्र फारसा कोणी उलगडून पाहत नाही, आणि आमच्या आजच्या विषयाशी त्याचाच संबंध आहे.

१७६७ ते १७६९ या काळात इंग्रज व हैदरअल्ली यांचे पहिले युद्ध झाले. संताजी घोरपड्यांच्या कुळातले गुत्तीकर मुरारराव घोरपडे या युद्धात इंग्रजांच्या बाजूस होते. हे मुरारराव म्हणजे मोठा कसलेला सरदार. १७४१ पासून १७४३ पर्यंत त्रिचनापल्लीचा किल्ला त्यांनी मराठ्यांतर्फे सांभाळला होता. १७५१ साली अर्काटच्या वेढ्यात क्लाइव्हास मदत करण्यासही तेच निघाले होते. १७६८ च्या ऑगस्टात इंग्रजी फौज होसकोट्यास तळ देऊन होती, आणि थोड्या अंतरावर मुराररावांचा वेगळा तळ पडला होता. हैदराने हेरले, की इंग्रजांच्या शिस्तीच्या पलटणींपेक्षा हा मराठी तळ रात्रीच्या छाप्यास अधिक सोपा आहे. २२ ऑगस्टच्या रात्री त्याने आपले घोडेस्वार पुढे व पायदळ मागे अशी रचना करून मुराररावांवर घाला घातला.

पुढे जे घडले ते विल्क्साने आपल्या म्हैसूरच्या इतिहासात मोठ्या रसाने सांगितले आहे. अंधारात आरडाओरडा उठताच मुराररावांनी हुकूम दिला, की आपल्यापैकी कोणीही घोड्यावर बसू नये. ज्याने त्याने आपल्या घोड्यापाशी उभे राहावे, आणि जो घोड्यावर बसलेला दिसेल तो शत्रू समजून त्यास तोडावे. मित्र कोण व शत्रू कोण हा रात्रीच्या लढाईतला सर्वांत अवघड प्रश्न या एका वाक्याने सुटला. तंबूंच्या दोऱ्यांत व खुंट्यांत अडखळणारे हैदराचे स्वार गोंधळून गेले. इतक्यात मुराररावांचा स्वारीचा हत्ती जखमी झाला. त्याने पायातली साखळी तोडली, ती सोंडेत धरली, आणि ती गरगरा फिरवीत तो हैदराच्या स्वारांच्या गर्दीत घुसला. स्वार मागे वळले ते आपल्याच पायदळावर जाऊन आदळले, आणि छापा उधळला गेला.

आम्ही बांधावर उभे राहून हा प्रसंग डोळ्यांपुढे आणीत होतो, तेव्हा आमच्या मनात एक शंका आली. जखमेने पिसाळलेल्या हत्तीला हैदराचा तळ कोणता व मुराररावांचा कोणता, हे थोडेच कळते? साखळी तुटलेल्या त्या बळाने त्या रात्री शत्रूकडे तोंड केले, हा मुराररावांच्या दैवाचा भाग. तेच बळ माघारी फिरते, तर घोरपड्यांचाच तळ तुडवला जाता, आणि इतिहासात होसकोट्याची लढाई दुसऱ्या तऱ्हेने लिहिली जाती. हत्ती मोठा होता म्हणून तळ वाचला, असे म्हणणारा मनुष्य पुढच्या वेळी त्याच हत्तीखाली सापडल्यावाचून राहणार नाही. आणि नेमके येथेच आम्हांस खिशातल्या पत्राची आठवण झाली.

आमचा धाकटा भाऊ शिक्षणासाठी अमेरिकेत गेला तो तिकडेच नोकरीस राहिला. तिकडे जुन्या बंदुकांच्या नव्याने घडवलेल्या नकला विकत मिळतात, आणि सुटीच्या दिवशी चांदमारीच्या मैदानावर जाऊन त्या चालवण्याचा पुष्कळांना नाद असतो. आमच्या भावानेही रीतसर अशी एक बंदूक घेतली. ती १८७३ च्या विंचेस्टर नमुन्याची, इटलीत घडवलेली. मुठीखालची तरफ खाली-वर केली की रिकामी पुंगळी बाहेर पडून नवे काडतूस नळीत जाते अशा जातीची. पत्रात तो लिहितो, 'दादा, माझ्या शेजाऱ्याने घरी भरलेली काडतुसे मला देऊ केली आहेत. ती फार जोरदार आहेत असे म्हणतो. माझ्या बंदुकीत ती बिनचूक बसतात. बंदूक नव्या पोलादाची आहे. मग वापरायला काय हरकत आहे? तू दारूगोळ्याच्या कागदांत दिवस काढतोस, म्हणून विचारतो.' आमच्या हातून दारूगोळ्याची बिले जातात, दारूगोळा नव्हे. पण घरच्यांस हा फरक पटवून देणे कोणा कारकुनास जमले आहे? प्रश्न मात्र आम्हांस हसण्यावारी नेता येईना. त्याचे कारण आमच्या घरातच आहे.

आम्ही सहा वर्षांचे असू. आजोळच्या जत्रेत पालखी निघताना उखळी बार काढण्याची चाल होती. लोखंडी उखळीत ठरलेल्या मापाने दारू घालायची, वर विटेचा चुरा ठासायचा आणि लांब काठीला बांधलेल्या पलित्याने बत्ती द्यायची. हे काम आमचे मामा करीत. माप म्हणजे पितळेची एक जुनी वाटी. ती पणजोबांच्या वेळची. तिच्यात कधी कमीजास्त झाले नव्हते. त्या वर्षी नेहमीचा दारूवाला आला नाही, म्हणून दुसरीकडून दारू आणली. ती अधिक बारीक दाण्याची होती. मामांनी वाटी नेहमीसारखी सपाट भरली. एक चिमूटही जास्त घातली नाही. बार निघाला तो उखळीच्या तोंडातून नव्हे, बाजूने. मामांच्या उजव्या हाताची तीन बोटे गेली. त्यांचे अक्षर मोत्यासारखे होते. पुढे ते डाव्या हाताने लिहू लागले, पण पूर्वीचे वळण आले नाही. भाऊ तेव्हा पाळण्यात होता.

पुष्कळ वर्षे आम्हांस वाटे, की मामांची काही चूक झाली असेल. चूक अशी की वाटी तीच होती व दारू ती नव्हती. माप खरे असूनही बार खोटा होऊ शकतो, हे आम्हांस वाचन करता करता पुढे उमगले. ते कसे, हे थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे.

काळी दारू म्हणजे सोरा, गंधक व कोळसा यांचे मिश्रण. शंभर भागांत सुमारे पंचाहत्तर भाग सोरा, पंधरा भाग कोळसा व दहा भाग गंधक, हे प्रमाण सर्वसाधारण मानले जाते. ही दारू दाण्याच्या पृष्ठभागावरून आत जळत जाते. दाणा जितका बारीक तितका पृष्ठभाग अधिक, आणि तितका धूर व वायू एकदम निर्माण होतो. म्हणून तोफेची दारू जाड दाण्याची, बंदुकीची मध्यम व रंजकाची अगदी बारीक करतात. वजन एकच असले तरी बारीक दाण्याचा दाब एकाएकी चढतो. आमच्या मामांच्या उखळीत हेच झाले.

या दाबाचे पहिले पद्धतशीर मोजमाप ज्याने केले त्या बेंजामिन रॉबिन्साची हाडे आपल्याच दक्षिणेत पडली आहेत, हे ऐकून वाचकांस आश्चर्य वाटेल. याने १७४२ साली तोफखान्याच्या नव्या तत्त्वांवर ग्रंथ लिहिला. टांगलेल्या लाकडी लंबकावर गोळी मारून लंबक किती हलतो यावरून गोळीचा वेग काढण्याची युक्ती त्याची. ऑयलरसारख्या गणितज्ञाने त्याचा ग्रंथ जर्मन भाषेत उतरवून त्यावर टीका लिहिली. पुढे कंपनी सरकारने त्यास मुख्य इंजिनिअर नेमून इकडे पाठवले, आणि १७५१ च्या जुलैत कडलूरजवळच्या सेंट डेव्हिड किल्ल्यात तो वारला. दारू पेटताच नळीतला दाब हवेच्या दाबाच्या सुमारे हजारपट होतो असा त्याचा अंदाज होता. जहाजावरच्या तोफांत गरजेपेक्षा पुष्कळ अधिक दारू जाळली जाते, ती कमी करून तोफेचा गोळा मोठा करावा, असेही त्याने सुचवले. अधिक दारू म्हणजे अधिक पराक्रम ही समजूत सुमारे पावणेतीनशे वर्षांपूर्वी गणिताने खोटी ठरवली. पण समजुती गणिताला कोठे जुमानतात?

तेव्हा बार किती भरावा हे नुसत्या दारूवर ठरत नाही. दारू कशात भरायची यावर ठरते. याचा उत्तम दाखला म्हैसूरकरांचे बाण. पूर्वीचे बाण कागदाच्या वा बांबूच्या नळीचे असत. हैदर व टिपू यांनी ती नळी लोखंडी पत्र्याची केली. लोखंड अधिक दाब सोसते म्हणून दारू अधिक घट्ट ठासता आली, आणि बाण अधिक दूर गेला. बंगळुरातील तारामंडलपेठेचे नाव या बाणांच्या आठवणीने जोडले जाते. इंग्रजांनी हे बाण विलायतेस नेले आणि काँग्रीव्हने १८०४ नंतर त्यांवरून आपले बाण केले. येथे लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट ही, की म्हैसूरच्या कारागिरांनी आधी नळी बदलली व मग दारू वाढवली. क्रम उलटा केला असता तर बाण फेकणाराच प्रथम पडता.

आता तरफेच्या बंदुकीकडे वळू. मुठीखाली तरफ असलेली व आपल्या लष्करी इतिहासात गाजलेली बंदूक म्हणजे मार्टिनी-हेन्री. ही १८७१ साली इंग्रजी फौजेत आली. ती एकबारी, दर वेळी एक काडतूस हाताने घालावे लागे. तिच्या काडतुसात ८५ ग्रेन काळी दारू असे. तोळ्याचे १८० ग्रेन होतात, म्हणजे आपल्या सोनाराच्या काट्यावर हा बार पाच मासे पाच गुंजा भरेल. १८५७ नंतर देशी पलटणींस गोऱ्या पलटणींपेक्षा एक पिढी जुने हत्यार द्यावयाचे असे धोरण होते. त्यामुळे २७ जुलै १८८० रोजी मैवंदच्या मैदानात गोऱ्या ६६ व्या पलटणीकडे मार्टिनी-हेन्री होत्या, तर शेजारी लढणाऱ्या बाँबे ग्रेनेडिअर व जेकब्स रायफल्स या मुंबई फौजेच्या पलटणींकडे जुन्या स्नायडर. पुढे १८९७ साली सारागढीच्या एकवीस शिखांनी शेवटपर्यंत चालवली ती मात्र मार्टिनी-हेन्री. पुण्याजवळ खडकीचा दारूगोळ्याचा कारखाना १८६९ साली निघाला, तो याच काडतुसांच्या युगात.

विंचेस्टर ही या तरफेच्या कुळातली दुसरी शाखा. हिच्या नळीखाली दुसरी नळी असते, तीत काडतुसे एकामागे एक ओळीने बसतात, आणि तरफेच्या एका झटक्याने एकेक वर येते. १८६६ च्या नमुन्याचा सांगाडा पितळी मिश्रधातूचा होता. १८७७ साली प्लेव्हनाच्या वेढ्यात तुर्कांनी याच बंदुकांनी रशियनांच्या रांगा जवळून झोडपल्या, आणि एकामागून एक बार काढणाऱ्या बंदुकीची धास्ती साऱ्या युरोपाने घेतली. १८७३ च्या नमुन्यात सांगाडा लोखंडाचा व पुढे पोलादाचा झाला. तिचे मुख्य काडतूस 'चव्वेचाळीस-चाळीस' नावाचे: गोळीचा व्यास इंचाच्या ४४ शतांशांच्या सुमारास, आणि दारू ४० ग्रेन, म्हणजे दोन मासे पाच गुंजा. बार नावातच सांगितलेला.

या बंदुकीचा खजिना मागून कशाने बंद होतो, हे कळले म्हणजे आमच्या भावाचा प्रश्न निम्मा सुटतो. दोन छोट्या कड्या एकमेकींस जोडलेल्या असतात. त्या ताठ झाल्या की बोल्ट मागून टेकवला जातो, तरफ ओढली की त्या दुमडतात. मनुष्याच्या गुडघ्यासारखी ही रचना आहे. ताठ गुडघ्यावर उभा मनुष्य पाठीवर पोते पेलतो. पण दोन पोती टाकली तर हाड मोडण्यापूर्वी सांधा जातो. बार फार झाला की या कड्या व त्यांच्या पिना हळूहळू ताणतात, काडतुसाच्या बुडामागे फट पडते, आणि एखाद्या दिवशी पितळी पुंगळीचे बूड सुटून तप्त वायू नेम धरणाराच्या तोंडावर येतो. पहिल्या बारास काही झाले नाही, दहाव्यासही नाही, म्हणून अकराव्यास होणार नाही असे नाही.

काळ्या दारूच्या दिवसांत हा धोका आपोआप आटोक्यात होता. पुंगळी काठोकाठ भरली तरी तिच्यात चाळीस ग्रेनच मावत. १८८४ साली फ्रान्सात व्हिएय याने बिनधुराची दारू काढली, पाठोपाठ नोबेलची व १८८९ ची इंग्रजांची कॉर्डाइट आली. आपल्या निलगिरीतील अरुवंकाड्याचा कारखाना १९०३ चा, तो या कॉर्डाइटसाठीच. बिनधुराच्या दारूने मापाचे सगळे शास्त्र पालटले. ती थोड्याच गुंजांत तेवढेच काम करते, म्हणून जुन्या मोठ्या पुंगळीत ती तळाशी बसते व पुंगळी अर्धी रिकामी दिसते. घरी भरणारा अनवधानाने दुसऱ्यांदा घालतो तरी ती उतू जात नाही. डोळ्याला कळत नाही. आणि जुन्या मापाने काठोकाठ भरली तर ती बंदूक राहत नाही, उखळी होते. काळ्या दारूत नेमका उलटा नियम: तीत मोकळी जागा ठेवायची नाही, गोळी दारूला भिडलेली हवी.

विंचेस्टर कंपनीलाही हा अनुभव आला. १८९२ साली ब्राउनिंगच्या आराखड्यावर तिने नवी तरफेची बंदूक काढली. तिच्यात गुडघ्याऐवजी दोन भक्कम उभे अडसर होते. पण काडतूस तेच चव्वेचाळीस-चाळीस. पुढे १९०३ च्या सुमारास कंपनीने या मजबूत बंदुकीसाठी अधिक जोराची काडतुसे काढली, आणि ती १८७३ च्या नमुन्यात वापरू नयेत असे पेटीवर छापावे लागले. कारण दोन्ही बंदुकांत ती सारखीच चपखल बसत. ज्या काडतुसाला एक बंदूक पेलते त्याच काडतुसाला तिची थोरली बहीण पेलत नाही, आणि नळीला हा भेद सांगता येत नाही. 'बिनचूक बसतात' या आमच्या भावाच्या शब्दांत जो विश्वास होता त्याचे उत्तर त्या पेटीवर शतकापूर्वीच छापून गेले होते.

राहिला नव्या पोलादाचा मुद्दा. आजच्या नकला जुन्या लोखंडापेक्षा चांगल्या पोलादाच्या असतात, हे खरे. इटलीत गार्दोने व्हाल त्रॉम्पिया या गावी सरकारी कसोटीघर आहे. तेथे प्रत्येक बंदुकीतून नेहमीपेक्षा जड बार काढून पाहतात व मगच तिच्यावर शिक्का उठवतात. 'पी.एन.' अक्षरे असली तर ती काळ्या दारूपुरती, 'पी.एस.एफ.' असली तर बिनधुराच्या दारूची कसोटी झालेली. परंतु ही कसोटी त्या काडतुसाच्या ठरलेल्या दाबाची असते, वाटेल त्या बाराची नव्हे. पोलाद नवे असले तरी गुडघा जुनाच आहे. भावाची बंदूक पंचेचाळीस कोल्ट नावाच्या काडतुसाची आहे. या काडतुसाचा अमेरिकेत ठरलेला दाब चौरस इंचास १४,००० पौंडांचा. पण तेच काडतूस अलीकडच्या काही भक्कम पिस्तुलांसाठी सुमारे दुप्पट दाबाने भरण्याची चाल तिकडे पडली आहे. बाहेरून दोन्ही काडतुसे एकसारखी. शेजारी ज्यांना 'जोरदार' म्हणतो ती बहुधा हीच.

कोणी म्हणेल, याच नमुन्याच्या काही नकला तीनशे सत्तावन्न मॅग्नम काडतुसासाठीही करतात, आणि त्याचा दाब तर ३५,००० पौंडांचा. ते कसे चालते? त्याचे उत्तर असे, की गुडघ्यावर पडणारी ढकल म्हणजे दाब गुणिले बुडाचे क्षेत्रफळ. मॅग्नमची पुंगळी बारीक, पंचेचाळीसची रुंद; म्हणून दुप्पट दाबाच्या पंचेचाळीसची ढकल मॅग्नमहूनही अधिक भरते. शिवाय मॅग्नमची बंदूक त्या काडतुसाने तपासून घेतलेली असते, शेजाऱ्याचे काडतूस कोणीच तपासलेले नसते. तरफेच्या बंदुकीत आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. खालच्या नळीत एका गोळीचे टोक पुढच्या काडतुसाच्या बुडातल्या टोपीला टेकलेले असते. गोळी अणकुचीदार असली तर धक्क्यासरशी ती पुढची टोपी फोडू शकते. म्हणून या बंदुकांस चपट्या टोकाचीच गोळी हवी.

नक्कल चांगली की वाईट हे तिच्या दिसण्यावरून कळत नाही, याचे उदाहरण आपल्या जुन्या सरहद्दीवर आहे. कोहाटच्या बाजूस दर्रा आदमखेल येथील लोहार मार्टिनी-हेन्रीची अशी हुबेहूब नक्कल करीत, की तिच्यावर राणीच्या मुकुटाचा शिक्काही असे; पण लोखंड बरेचदा भंगारातले, आणि कसोटी कसलीच नाही. शिक्का खरा दिसला तरी त्यामागे कोणी बार काढून पाहिलेला नसे. याउलट आपल्या इशापूरच्या कारखान्याने १९६३ साली जुन्या लीएनफील्डच्या घडणीची ७.६२ ची बंदूक काढली, तेव्हा काडतूस अधिक दाबाचे होते म्हणून आधी पोलाद सुधारले आणि मग काडतूस बदलले. म्हैसूरच्या बाणवाल्यांचा क्रम तो हाच. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याने बंदुकीची परीक्षा घेण्यासही परवाना लागतो, तो उगीच नव्हे.

होसकोट्याहून परतल्यावर आम्ही भावास उत्तर लिहिले. त्यात सल्ला थोडाच होता. नळीवर जे काडतूस कोरले आहे तेच, ओळखीच्या कारखान्यात भरलेले, ठरलेल्या दाबाचे, शिशाच्या चपट्या गोळीचे वापर. दुसऱ्याने घरी भरलेले, मग तो कितीही सज्जन असो, वापरू नकोस. बंदूक एकदा जाणत्या बंदूककारागिराला दाखव. शेजाऱ्याची काडतुसे मान ठेवून परत कर. हे सारे एका पानात आटोपले. उरलेल्या पानांत मुराररावांच्या हत्तीची गोष्ट लिहिली. ज्या हत्तीने घोरपड्यांना एका रात्री वाचवले त्या हत्तीच्या भरवशावर राज्य चालत नसते, हेही लिहिले. पुढे १७७६ साली हैदराने गुत्तीस वेढा घातला. किल्ल्यातले पाणी आटले, आणि मुराररावांस शरण यावे लागले. त्यांचा शेवट कब्बाळदुर्गाच्या कैदेत झाला. या नामांकित योद्ध्याचा घात कोणत्या हत्तीने वा तोफेने केला नाही; किल्ल्यात किती पाणी आहे व ते किती दिवस पुरेल, या साध्या मापाने केला.

आणि सर्वांत शेवटी, पुष्कळ वेळ लेखणी थांबवून, आम्ही मामांची वाटी लिहिली.

उत्तर चार दिवसांनी आले. काडतुसे त्याने परत केली होती. शेजारी थोडा रागावला, पण आपल्या बंदुकीच्या कड्या दाखवायला त्याच कारागिराकडे गेला, असे लिहिले होते. पुढे एवढेच होते: 'दादा, मामांची बोटे उसाच्या चरकात गेली असे मला लहानपणापासून सांगत आले. आई हेच सांगे, मामाही हेच सांगत. खरी गोष्ट मला कोणी सांगितलीच नव्हती.'

घरोघरी असे चरक असतात. लाजेपोटी वा मायेपोटी आपण खरा अपघात झाकून ठेवतो, आणि पुढच्या पिढीच्या हाती तीच वाटी, कोरी करून, पुन्हा देतो. आम्ही हा लेख लिहिला तो त्यासाठी. येत्या सुटीत भाऊ येणार आहे. त्याला घेऊन प्रथम आजोळी जावे, आणि येताना होसकोट्याचा बांध दाखवावा, असा आमचा बेत आहे.